पद्मिनीला लावलेला इलेक्ट्रिक पेट्रोल पंप: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

पंप चांगला आहे, ज्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी आहे त्यांनी जरूर लावावा. पण आधी पेट्रोलची वाट तपासा.

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालं की साखरप्यानंतर आंबा घाटात आमची गाडी भर मे महिन्यात गचके खायची आणि बंद पडायची. जुन्या पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की परत चालू. म्हणजे वाफ धरत होती. मूळ पंप इंजिनालाच बसवलेला, कॅमशाफ्टवर (इंजिनातल्या फिरत्या दांड्यावर) चालणारा. इंजिन तापलं की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत (जिथे पेट्रोल हवेत मिसळतं) काही चढत नाही. नवा पंप मागे टाकीशेजारी, खालच्या बाजूला लावलाय. तिथे गरमी नाही, शिवाय हे इलेक्ट्रिक पंप पेट्रोल ढकलायला पक्के, ओढायला कच्चे. यंदाच्या उन्हाळ्यात घाटात एकदाही फडकं काढावं लागलं नाही.

पंप घेण्याआधी मात्र एवढं कराच. इग्निशन कॉइलची वायर काढा म्हणजे ठिणगी पडणार नाही, कार्बोरेटरकडची नळी बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. धार बारीक आली तर टाकीचं झाकण उघडून परत बघा. आता धार सुधारली तर टाकीची हवेची वाट बुजलीय, पंपाचा दोष नाही. बाटलीत बुडबुडे येत असतील तर टाकी ते पंप यामधली नळी कुठेतरी हवा ओढतेय. आमची रबरी नळी क्लिपेजवळ चिरली होती. आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुनं रबर टिकत नाही. इथेनॉलला चालणारीच नळी घ्या.

पंपाचं प्रेशर २ ते ४ पीएसआयचंच (पीएसआय हे दाबाचं माप) हवं. इंजेक्शनच्या गाडीचा पंप कुणी स्वस्तात देऊ केला तरी नको. कार्बोरेटरची नीडल (पेट्रोल आत येणं बंद करणारी सुई) त्याचा जास्तीचा दाब अडवू शकत नाही, पेट्रोल ओसंडून गरम इंजिनावर सांडतं. पंपाची वायर रिलेतून (छोट्या करंटवर चालणारा विजेचा स्विच) आणि ऑइलचं प्रेशर असेल तोवरच करंट सोडणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे अपघातात इंजिन थांबलं की पंपही थांबेल. सेल्फ मारताना ऑइलचं प्रेशर नसतं, तेवढ्यापुरता करंट स्टार्टरच्या बाजूने द्यावा लागतो. हे काम माहीतगार वायरमनकडूनच करून घ्या.

पावसाळ्यात एकच त्रास झाला. खाऱ्या हवेने अर्थचं टर्मिनल हिरवं पडलं आणि पंपाची टिकटिक मंदावली. पत्रा घासून चकचकीत केला, वर ग्रीस लावलं, टिकटिक पूर्ववत. समुद्राकाठच्यांनी हे दर पावसाळ्याआधी करावं.