तीन शब्दांचे नाव आणि दोन चौकटी : एका विमान कंपनीच्या नावदुरुस्ती सेवेचा अनुभव

लग्नानंतर कुलकर्णीची देशपांडे झालेल्या, इंदूरमध्येच जन्मलेल्या आणि इंदूरमध्येच नांदणाऱ्या बाईला नाव बदलल्याचा एरवी फारसा त्रास होत नाही. रामबागेतला किराणेवाला दोन्ही घरांना ओळखतो, बँकेत कोणीतरी ओळखीचे निघते आणि डॉक्टरांकडच्या जुन्या कार्डावर आडनाव खोडून नवे लिहिले की काम भागते. अडचण सुरू होते ती विमानाचे तिकीट काढल्यावर. ज्या विमान कंपनीच्या नावदुरुस्ती सेवेशी मला तीन आठवडे झुंजावे लागले, तिच्याविषयी हा अभिप्राय आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मैत्रिणींशी बोलल्यावर असे दिसले की कंपनी बदलली तरी उत्तरे तीच मिळतात.

चूक आमचीच होती, हे आधी मान्य करते. लग्नाच्या दीड महिना आधी नवऱ्याने उत्साहाच्या भरात सिंगापूरची तिकिटे काढली आणि माझे तिकीट होऊ घातलेल्या नावाने काढले. माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा होता आणि सिंगापूरचा व्हिसा पासपोर्टवरच्या नावाने व क्रमांकावरच मिळतो, त्यामुळे प्रवासाआधी पासपोर्ट बदलण्याचा प्रश्नच नव्हता. व्हिसाचे काम करणाऱ्या एजंटाने तिकीट आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तेव्हा आमच्या ध्यानात आले की तिकिटावर जी बाई सिंगापूरला निघाली आहे, तिच्याकडे त्या नावाचा एकही कागद नाही. गृहप्रवेशाच्या दिवशी तांदळाच्या ताटात अंगठीने माझे नवे नाव लिहिले गेले होते, तेवढीच काय ती त्या नावाची नोंद.

इथे मराठी नावाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याभोवती आहे. आपल्याकडे नाव तीन शब्दांचे असते आणि लग्नाने त्यातला फक्त शेवटचा शब्द बदलत नाही. मधल्या जागी वडिलांच्या नावाऐवजी नवऱ्याचे नाव येते आणि काही घरांत तर पहिले नावही बदलले जाते. माझ्या आत्याच्या कागदपत्रांत अजून दोन वेगळ्या पहिल्या नावांच्या दोन बायका सुखाने राहतात. पासपोर्टवर मात्र आडनाव आणि दिलेले नाव अशा दोनच जागा असतात, म्हणून बापाचे किंवा नवऱ्याचे नाव दिलेल्या नावाच्या शेपटाला जोडले जाते. तिकिटाच्या अर्जातही दोनच चौकटी असतात. मध्य प्रदेशात हिंदी बोलणाऱ्या कर्मचाऱ्याला मधले नाव हे बहुधा हौसेने लावलेले दुसरे नाव वाटते. त्या नावावरून बाई कोणाची मुलगी किंवा कोणाची बायको हे सांगितले जाते, हे त्याच्या गावीही नसते, आणि यात त्याचा दोषही नाही.

आता सेवेकडे वळते. कंपनीच्या संकेतस्थळावर नावदुरुस्तीसाठी एक पान आहे, पण ते स्पेलिंगमधल्या दोन-तीन अक्षरांच्या चुकीपुरतेच चालते. संपूर्ण आडनाव बदलायला गेले की ते पान ग्राहक सेवेचा दूरध्वनी क्रमांक दाखवून मोकळे होते. त्या क्रमांकावर पहिल्याच दिवशी मला जे वाक्य ऐकायला मिळाले, ते पुढे मी चार वेळा ऐकले : "मॅडम, यह करेक्शन नहीं है, यह तो चेंज है." दुरुस्ती चालते, बदल चालत नाही. यामागचे कारण मला पटते. तिकीट हस्तांतरणीय नसते, आणि स्वस्तात घेतलेले तिकीट नाव बदलून दुसऱ्याला विकण्याचा धंदा कोणी सुरू करू नये म्हणून कंपन्या संपूर्ण नाव बदलू देत नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार कंपनीच्या संकेतस्थळावरून थेट तिकीट काढले असेल आणि काढल्यापासून २४ तासांत चूक दाखवून दिली, तर त्याच व्यक्तीच्या नावातील दुरुस्तीसाठी शुल्क घेता येत नाही. आमचे तिकीट दुसऱ्याच एका संकेतस्थळावरून काढलेले होते आणि २४ तास उलटून कित्येक आठवडे झाले होते, त्यामुळे त्या नियमाचा आम्हाला उपयोग नव्हता.

तिसऱ्या फोनवरच्या बाईंनी सांगितले की लग्नामुळे झालेल्या बदलासाठी वेगळी वाट असते, ईमेलमध्ये विवाहनोंदणीचा दाखला जोडून पाठवा. ही माहिती पहिल्या दोघांपैकी कोणीच दिली नव्हती, आणि या सेवेतला सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो : सोय आहे, पण ती कुठे आहे हे नशीब बरे असेल तरच कळते. नगर निगमाकडून मिळालेला दाखला मी त्याच संध्याकाळी पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आले की दाखल्यावर देशपांडे हे नाव वधूच्या रकान्यात कुठेच नाही, तरी दोन्ही नावे असलेला कागद पाठवावा.

उत्तर वाचून आधी राग आला, मग दाखला पुन्हा उघडून पाहिला, तेव्हा लक्षात आले की कंपनीचे म्हणणे अक्षरशः खरे होते. विवाहनोंदणीच्या दाखल्यावर कोणाचे लग्न कोणाशी, कधी आणि कुठे झाले हे लिहिलेले असते. लग्नानंतर बाई कोणते नाव लावणार, हे त्यावर नसते, कारण नाव बदलणे कायद्याने सक्तीचे नाही आणि ते विचारण्याचे निबंधकाला कारणही नाही. मग मी कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या टंकलेखकाकडून हिंदीत प्रतिज्ञापत्र करून घेतले आणि शेजारच्या नोटरीने त्यावर लाल कागदी मोहोर चिकटवली. "उक्त दोनों नाम मेरे ही हैं" असे त्यात लिहिले होते. या सगळ्यातली गंमत अशी की मला प्रवास माहेरच्या नावानेच करायचा होता, पासपोर्टही त्याच नावाचा होता. तरीही कुलकर्णी म्हणून विमानात बसण्यासाठी मी देशपांडे झाले आहे, हे मला स्टॅम्प पेपरवर शपथेवर सिद्ध करावे लागले.

प्रतिज्ञापत्र पोचल्यावर कंपनीने नाव बदलण्याचे मान्य केले, पण इंदूर ते मुंबई एवढ्याच टप्प्यासाठी. मुंबईहून पुढचे विमान भागीदार कंपनीचे होते आणि त्या टप्प्यावरचे नाव यांना बदलता येत नव्हते. शेवटी माझे तिकीट रद्द करून नव्याने काढावे लागले आणि भाड्यातला फरक म्हणून ९,४०० रुपये गेले. नव्या तिकिटामुळे माझा आरक्षण क्रमांक नवऱ्याच्या क्रमांकापासून वेगळा झाला आणि शेजारच्या जागा गेल्या, हे मात्र कोणी सांगितले नाही. आसनांचा नकाशा उघडला तेव्हा तो अकराव्या रांगेत होता आणि मी सत्ताविसाव्या. नवविवाहित जोडप्याला फोनवर अभिनंदन म्हणणाऱ्या कंपनीने एवढी आठवण ठेवायला हरकत नव्हती.

खरी मौज नवे तिकीट हाती आल्यावर झाली. त्यावर आडनाव कुलकर्णी झाले होते, पण दिलेल्या नावाच्या चौकटीतला दुसरा शब्द जुन्या नोंदीतून तसाच उतरला होता. म्हणजे पहिले नाव माझे, मधले नाव नवऱ्याचे आणि आडनाव वडिलांचे. आपल्या रीतीने हे नाव वाचले तर मी माझ्याच नवऱ्याची मुलगी ठरते. सासूबाई हसून हसून खाली बसल्या. मी फोन केला तेव्हा "मिडल नेम से फर्क नहीं पड़ता" असे सांगण्यात आले. तेच लेखी कळवा असे मी म्हटल्यावर फोन आधी 'होल्ड'वर गेला आणि मग बंद झाला.

प्रवासाच्या दिवशी पहाटे चारला, बिजासन टेकडीच्या पायथ्याशी अजून अंधार असताना आम्ही देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावर पोचलो. दारावरच्या जवानाने तिकीट आणि पासपोर्ट एकमेकांशेजारी धरले, पहिला आणि शेवटचा शब्द बोटाने जुळवून पाहिला आणि आत सोडले. काउंटरवर मात्र गाडी अडली. तिथल्या मुलीने पासपोर्टचे शेवटचे पान उघडले, वडिलांच्या नावावर नख ठेवले आणि पडद्यावरच्या नावाकडे पाहिले. त्याच पानावरचा जोडीदाराच्या नावाचा रकाना अर्थातच रिकामा होता. पडद्यावर सगळे नाव सलग अक्षरांत होते, आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग माझे आणि नवऱ्याचे नाव मध्ये जागा न सोडता जोडलेले आणि त्यालाच चिकटलेले 'मिसेस'. तिने ते ओठांतल्या ओठांत दोनदा वाचले. नंतर विचारले, "दीदी, ये बीच में किनका नाम है?" मी शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवले. तिने त्याचा पासपोर्ट घेतला, नाव जुळवले आणि तिला सगळा प्रकार एका क्षणात कळला.

पुढची पस्तीस मिनिटे तिने वरिष्ठांना बोलावण्यात, मुंबईला फोन करण्यात आणि माझ्या आरक्षणात शेरा नोंदवून घेण्यात घालवली. मागची रांग कुरकुरत होती. प्रतिज्ञापत्राची मूळ प्रत मी जवळ ठेवली होती, तिचा इथे खरा उपयोग झाला. गळ्यातल्या मंगळसूत्राकडे दोन अनोळखी काकूंनी पाहून सहानुभूतीने मान हलवली, पण त्या पुराव्याला संगणकात रकाना नसतो. बोर्डिंग पास हातात देताना ती मुलगी म्हणाली की लग्नसराईनंतरच्या महिन्यांत तिच्याकडे असे प्रवासी वरचेवर येतात. प्रकार इतका नेहमीचा असेल तर तो काउंटरवर पहाटे का सुटावा आणि तीन आठवडे आधी फोनवर का सुटू नये, हे मला अजून समजलेले नाही. मुंबईत आणि सिंगापुरात कोणी काही विचारले नाही, परतीच्या प्रवासातही नाही.

परत आल्यावर पासपोर्ट बदलून घेतला आणि ते काम ऐकले होते त्यापेक्षा पुष्कळच सोपे निघाले. लग्नानंतरही माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो, त्याची मुदत संपेपर्यंत तसाच वापरता येतो. पण मला कागदांचा दुतोंडीपणा नको होता. पासपोर्ट पुन्हा जारी करण्याच्या (रिइश्यू) अर्जात नावातील बदलाचे कारण निवडायचे, ३६ पानांच्या साध्या पासपोर्टचे १,५०० रुपये भरायचे आणि दिलेल्या वेळी सेवा केंद्रात ए, बी आणि सी अशा तीन खिडक्या पार करायच्या. एअरलाइनला अपुरा वाटलेला तोच विवाहनोंदणीचा दाखला इथे कुरकुर न करता घेतला गेला. जुना पासपोर्ट रद्द केल्याची खूण करून परत मिळतो, तो फेकू नये. त्यात एखाद्या देशाचा चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट बरोबर न्यावे लागतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते तर लग्नाने नाव बदललेल्यांना नव्या पासपोर्टवर नवा व्हिसा घेण्याचीच शिफारस करते. ज्यांचे जाणे जवळ आले आहे त्यांनी म्हणूनच परत आल्याशिवाय पासपोर्टला हात लावू नये आणि तिकीट पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच, वडिलांच्या नावासकट काढावे.

आधार कार्डाचे थोडे जपून. त्यावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे एक संधी स्पेलिंगच्या चुकीत घालवू नये. आपल्या विमानतळावर सप्टेंबर २०२४ पासून डिजीयात्रा सुरू आहे. देशांतर्गत प्रवासात चेहरा दाखवून आत जाण्याची ही सोय आधारवरचे नाव आणि बोर्डिंग पासवरचे नाव जुळण्यावर चालते. आधार नव्या नावाचे आणि तिकीट जुन्या नावाचे असेल, तर चेहरा कितीही ओळखीचा असला तरी नेहमीच्या रांगेत उभे राहावे लागते.

या कंपनीच्या फोन सेवेला मी पाचपैकी एक गुण देते, आणि तोही तिसऱ्या फोनवरच्या बाईंसाठी. ईमेल विभागाला दोन, कारण उशिरा का होईना, त्यांनी कागद वाचून उत्तर दिले. इंदूरच्या काउंटरवरच्या त्या मुलीला पाचपैकी पाच. नियमित प्रवाशांसाठीचे माझे खाते अजूनही कुलकर्णींच्या नावावर आहे आणि त्यातले ६,२०० गुण देशपांडेंना वापरता येत नाहीत. नव्या पासपोर्टची प्रत पाठवली, तर दोन्ही नावे असलेला कागद मागितला आहे. ते प्रतिज्ञापत्र परवा पुन्हा स्कॅन केले. घडीवर ते आता फाटू लागले आहे.