लिंबाची बॅटरी की बर्फाच्या ट्रेतली?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी घरगुती बॅटरी करायची ठरली की गाडी लिंबावर येऊन थांबते. आमच्याकडेही लेकीने लिंबापासूनच सुरुवात केली, मग बर्फाचा ट्रे आणि व्हिनेगर घेऊन तीच गोष्ट पुन्हा केली. दोन्हीत धातू तेच: तांब्याची तार आणि जस्ताचा मुलामा दिलेले जीआयचे खिळे. मीटरवर एका लिंबाला आणि ट्रेच्या एका कप्प्याला साधारण सारखेच, ०.९ व्होल्टच्या आसपास मिळाले. लाल एलईडीला १.८ च्या जवळपास लागतात, म्हणजे कागदावर दोन लिंबं पुरेत. पण एलईडी जोडला की व्होल्टेज बसतं, कारण लिंबाचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, हजारो ओहमचा असतो. तेव्हा चार धराच. पांढऱ्या-निळ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास हवेत, त्यांच्या नादी लागू नका.

लिंबाची जमेची बाजू दिसण्यात आहे. पिवळीधमक लिंबं बघून माणसं थांबतात, व्हिनेगरच्या ट्रेपाशी कोणी उगीच थांबत नाही. हे मान्यच.

माझं मत फिरलं ते सांध्यांमुळे. चार लिंबं सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडायची तर मधल्या तीन तारांची सहा टोकं, वर एलईडीची दोन. प्रत्येक टोकाला क्रोकोडाइल क्लिप. त्यात लिंबू गोल. कोणी टेबलाला कोपर लावलं की ते लवंडतं, क्लिप सुटते, एलईडी विझला! मग एकेक क्लिप चाचपत बसायचं. त्याहून वैताग म्हणजे खिळा आणि तार आत एकमेकांना टेकले तर बाहेरून काही कळत नाही. ते लिंबू गुपचूप शॉर्ट झालेलं असतं आणि आपण शेजारच्यावर संशय घेत राहतो.

ट्रेमध्ये तार खिळ्याच्या डोक्यालाच घट्ट गुंडाळायची, खिळा एका कप्प्यात सोडायचा, तारेचं दुसरं टोक शेजारच्या कप्प्यात. मधल्या क्लिपा संपल्या. गुंडाळलेला भाग मात्र व्हिनेगरच्या वर राहू द्या, नाहीतर त्याच कप्प्यात तांबं-जस्ताची जोडी जुळते आणि कप्पा फुकट जातो. कप्पे काठोकाठ भरू नका. ट्रे प्लास्टिकचाच घ्या. जुन्या फ्रिजमधले ट्रे ॲल्युमिनियमचे असायचे, ते नकोत. तार जुन्या मोटरमधली असेल तर तिच्यावर वॉर्निशचा थर असतो, तो पॉलिशपेपरने खरवडून काढा. व्हिनेगरचा वास सोसत नसेल तर मिठाचं पाणी चालतं, पण आमच्याकडे त्यावर उजेड जरा कमी वाटला.

नाण्यांची चळत हा तिसरा पर्याय: दोन धातूंच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, म्हणजे इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १८०० साली केली तशी. दिसायला झकास, पण आपली रुपया-दोन रुपयांची नाणी स्टेनलेस स्टीलची. परदेशी व्हिडिओत तांब्याचा मुलामा असलेल्या नाण्यांवर जे जमतं ते या नाण्यांवर तसंच जमेल असं नाही. शिवाय मिठाचं पाणी कडेने ओघळून चकत्या आपसात जोडते.

मूल लहान असेल आणि घरी एखादी दुपार मजेत घालवायची असेल, तर लिंबूच बरं. (खिळा टोचलेल्या लिंबाचं सरबत मात्र करू नका, त्यात जस्त उतरलेलं असतं.) दिवसभर परीक्षकांपुढे उभं राहायचं असेल तर मी तरी ट्रे घेईन. परीक्षक हमखास विचारतात, वीज लिंबात असते का? ती येते जस्त विरघळण्यातून, आम्लाचं काम मधल्या माध्यमाचं. ट्रेमधून खिळा उचलून त्याचा काळवंडलेला भाग दाखवता येतो, तांब्यावरचे बुडबुडेही दिसतात. लिंबात हे सगळं सालीआड राहतं.

एलईडीचा उजेड दोन्हीकडे मिणमिणताच, तेव्हा आतून काळा कागद लावलेलं खोकं सोबत न्या. आणि व्हिनेगर स्टॉलवर पोचल्यावरच ओता, भरलेला ट्रे मांडीवर घेऊन रिक्षात बसू नका.