टो-विमान: जुनं दणकट ठेवायचं की हलकं घ्यायचं?

ग्लायडरला, म्हणजे इंजिन नसलेल्या विमानाला, दोरीने ओढून वर नेणारं ते टो-विमान. त्याच्या इंधनाचं बिल फुगलं की ग्लायडिंग क्लबच्या बैठकीत ठरलेली सूचना येते: जुनं विमान विका, हलकं घ्या. सूचना बरोबर आहे, पण सगळ्या क्लबांसाठी नाही.

पायपर पॉनी या जुन्या, दणकट विमानाचं 235 अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन पूर्ण ताकदीवर ताशी 80 लिटरच्या आसपास पितं. युरोफॉक्ससारख्या हलक्या विमानातलं 100 अश्वशक्तीचं रोटॅक्स तिशीच्या आतच राहतं. अर्थात ते चढतंही सावकाश. तरी 600 मीटर गाठायला त्याला दीडपट वेळ लागला, असं धरलं तरी पेट्रोल निम्मंच जळतं. शिवाय रोटॅक्सला गाडीचं पेट्रोल चालतं, किंबहुना तेच मानवतं. शिसंयुक्त ॲव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) वापरलं तर ऑइल लवकर बदलावं लागतं. लायकमिंगच्या काही मॉडेलांना गाडीच्या पेट्रोलची परवानगी मिळते, मात्र सहसा इथेनॉल नसलेल्याच.

उतरतानाचा खर्च फारसा कोणी मोजत नाही. हवेवर थंड होणारं मोठं इंजिन ग्लायडर सुटल्यावर हळूहळूच थंड करावं लागतं. घाईने थ्रॉटल बंद करून डाइव्ह मारली, तर सिलिंडरला तडे जाण्याचा धोका असतो, आणि त्या दुरुस्तीपुढे वाचलेलं पेट्रोल किरकोळ. रोटॅक्सचे सिलिंडर हेड पाण्याने थंड होतात, त्यामुळे ते लवकर खाली येऊन पुढचा टो घेऊ शकतं.

मग पॉनी का ठेवावी? 600 किलोचं दोन आसनी ग्लायडर, कडक ऊन, ओलं गवत आणि आखूड धावपट्टी एकत्र आली की ताकदीला पर्याय नाही. तुमच्या मैदानावर हे रोजचंच असेल, तर माझं मत पॉनीच्या बाजूने. एक आसनी ग्लायडरच जास्त असतील, तर हलकं घ्या.

टो-विमानाऐवजी विंच, म्हणजे जमिनीवरून दोर गुंडाळत ग्लायडर वर खेचणारं यंत्र, वापरलं तर एका लाँचला साधारण लिटरभर इंधन पुरतं, पण उंची बहुतेकदा 300 ते 500 मीटरच मिळते. सर्किटच्या (मैदानाभोवती फेरी मारून उतरण्याच्या) सरावाला भरपूर, दूरचं थर्मल (वर चढणारी गरम हवा) गाठायला अपुरी.

सभासदांकडून पैसे घेताना उंचीवर आकारणी सोपी पडते, मिनिटांवरची खर्चाशी जास्त प्रामाणिक. तरी मी उंचीच निवडेन: टो-वैमानिक हळू चढला, तर त्याचा भुर्दंड शिकाऊ वैमानिकाला का? त्यावर इंधनाच्या दराप्रमाणे दर महिन्याला बदलणारा अधिभार लावावा, आणि जड दोन आसनीला वेगळा दर.