उजव्या चाकाची घूंऽऽ आणि दुसरे गॅरेज

चाक ज्या गोळ्यांच्या कड्यावर फिरते, त्या बेअरिंगचा आवाज गाडीत बसलेल्या माणसाला हमखास फसवतो. मला तो डावीकडून येतो असे वाटत होते, पहिल्या गॅरेजनेही एक फेरी मारून तेच सांगितले आणि डाव्या पुढच्या चाकाचे बेअरिंग बदलून दिले. आवाज जसाच्या तसा राहिला. त्यानंतर ज्या दुसऱ्या गॅरेजमध्ये गाडी नेली, त्या गॅरेजच्या कामाचा हा अभिप्राय आहे.

तक्रार अशी होती की ताशी 40 किलोमीटरच्या पुढे गाडी गेली की एक सलग घूंऽऽ सुरू व्हायची आणि वेगाबरोबर चढत जायची. येथील मेकॅनिकने पाना हातात घेण्याआधी मला शेजारी बसवून स्वतः गाडी चालवली. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी 60 च्या सुमारास त्याने गिअर न्यूट्रलमध्ये टाकला. इंजिनचे फेरे खाली आले, पण आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिन त्यातून बाद झाले. मग त्याने स्टेअरिंग हलकेच डावीकडे आणि उजवीकडे घेतले. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येते, आणि नेमका तेव्हाच आवाज जाड होत होता. उजवीकडे घेतल्यावर तो जवळजवळ विरत होता. ही खूण बहुतेक वेळा खरी ठरते, पण नेहमीच नाही, असे त्याने स्वतःहून सांगितले, आणि माझा विश्वास बसला तो या वाक्यामुळे.

टायर असमान झिजले असतील तर तेही हुबेहूब असेच घुमतात. त्याने चारही टायरांवरून दोन्ही दिशांनी तळवा फिरवून पाहिला, मागच्या टायरांना किंचित करवतीसारखी धार लागते हे मलाही हात लावून दाखवले, आणि पुढचे टायर मागे व मागचे पुढे लावून पुन्हा फेरी मारली. आवाज टायरांबरोबर मागे गेला नाही. वळताना टक-टक होत नव्हती, म्हणून सीव्ही जॉइंटचा, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा, संशयही त्याने बाजूला ठेवला. या सगळ्यात सुमारे तासभर गेला. पहिल्या गॅरेजमध्ये दहा मिनिटे गेली होती, आणि त्या दहा मिनिटांची किंमत मी एका धडधाकट बेअरिंगच्या रूपाने मोजली होती.

नंतर गाडी जॅकवर घेऊन, खाली स्टँड लावून, त्याने चाक वरून आणि खालून धरून हलवले. प्ले, म्हणजे चाकाचा ढिलेपणा, अजिबात नव्हता. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि बेअरिंग चांगले असल्याचा निर्वाळा देतात. वास्तविक आवाज आधी येतो आणि प्ले फार उशिरा, बेअरिंग चांगलेच निकामी झाल्यावर. त्याने मला डाव्या बाजूच्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर बोटांची टोके ठेवायला सांगितली आणि चाक हाताने फिरवले. काहीच जाणवले नाही. उजव्या बाजूला तेच केल्यावर बोटांखाली बारीक खरखर आली, जात्यात वाळूचे चार कण सापडावेत तशी. निदान तिथेच संपले.

दुरुस्तीही मी उभा राहून पाहिली. माझ्या गाडीला बोल्टने बसणारा आयता हब (चाक ज्यावर बसते तो भाग) नसून नकलमध्ये, म्हणजे हबला धरणाऱ्या सस्पेन्शनच्या जाड धातूच्या भागात, दाबून बसवायचे बेअरिंग आहे, त्यामुळे काम जास्त कौशल्याचे. ड्राइव्ह शाफ्टचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याचा) नट चाक जमिनीवर असतानाच सैल केला, ब्रेकचा कॅलिपर त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत न सोडता तारेने वर बांधला, नकल सोडवून प्रेसखाली घेतली. हब बाहेर आला तेव्हा बेअरिंगची आतली रिंग त्यावरच अडकून राहिली. ती पुलरने काढून त्याने माझ्या हातात दिली. गोळ्यांच्या वाटेवर एका जागी चकाकी जाऊन खवले उडालेले होते आणि नख तिथे स्पष्ट अडत होते. सीलमधून पाणी आत गेल्याची तांबूस खूणही दिसत होती.

नवे बेअरिंग बसवताना त्याने हातोडा वापरला नाही. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर, आणि हब दाबताना खालून आधार आतल्या रिंगला. हे चुकले तर दाब गोळ्यांमधून जातो, त्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि कोरे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून घुमू लागते. बेअरिंगच्या एका तोंडावर एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरसाठी चुंबकीय कडे असते. ते सेन्सरच्या बाजूलाच असल्याची खात्री त्याने दाबण्यापूर्वी दोनदा केली. बेअरिंगला जागेवर धरणारी सर्क्लिप नवी, नटही नवा, आणि शेवटचा कस इम्पॅक्ट गनने न देता कंपनीच्या पुस्तिकेतील आकडा पाहून टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्याने, दिला. तो नट नुसते चाक धरून ठेवत नाही, बेअरिंगला आतून जो ताण हवा तोही त्यानेच मिळतो. म्हणून नट पुरता आवळेपर्यंत त्याने गाडीचे वजन चाकावर येऊ दिले नाही.

आता उणिवा. गाडी संध्याकाळी मिळेल असे सांगितले होते, ती दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली, आणि मधल्या वेळेत एकही फोन आला नाही. नकल काढताना सस्पेन्शनचे बोल्ट सुटतात, त्यामुळे नंतर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासणे गरजेचे होते. ते मला कोणी सांगितले नाही. घरी परतताना सरळ रस्त्यावर स्टेअरिंग किंचित वाकडे धरावे लागले, तेव्हा पुन्हा जाऊन मीच विषय काढला. त्यांनी कुरकुर न करता अलाइनमेंट करून दिले खरे, पण फेरी माझी गेली. बिलावर तर केवळ ‘पुढच्या चाकाचे काम’ एवढेच लिहिले होते. बेअरिंगची कंपनी, पार्ट क्रमांक आणि हमीची मुदत मला मागून लिहून घ्यावी लागली. इतके नेटके काम करणाऱ्यांनी कागदाच्या बाबतीत असा ढिसाळपणा का करावा, हे मला कळलेले नाही.

तेल बदलायचे किंवा ब्रेक पॅड घालायचे असतील, तर इथे दीड दिवस गाडी अडकवण्याची गरज नाही. मात्र गाडी आवाज करत असेल आणि तो कुठून येतो यावर दोन मते पडली असतील, तर मी पुन्हा इथेच जाईन, अलाइनमेंटचे गाडी सोडतानाच बजावीन, आणि जुना सुटा भाग परत मागून घेईन.