रिव्हास्टिग्मिनची चोवीस तासांची पट्टी: सहा महिन्यांचा अनुभव

वडिलांना अल्झायमरचे निदान झाल्यावर रिव्हास्टिग्मिनच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर सुरू झाल्या आणि पंधरवड्यातच मळमळीमुळे त्यांचे जेवण निम्म्यावर आले. तेव्हा डॉक्टरांनी त्याच औषधाची त्वचेवर चिकटवायची पट्टी लिहून दिली.

पहिले चार आठवडे 24 तासांत 4.6 मिलिग्रॅम औषध सोडणारी 5 चौरस सेंटिमीटरची पट्टी होती, आता 9.5 मिलिग्रॅमची, आकाराने दुप्पट पट्टी लावतो. कॅप्सूलमुळे औषध रक्तात झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. पट्टीतून ते दिवसभर थोडेथोडे झिरपते. मळमळ ओसरली, बाबा पुन्हा अख्खी भाकरी संपवू लागले. गेलेली स्मृती मात्र या औषधाने परत येत नाही, ती आशा कोणी धरू नये.

या मोठ्या पट्टीत प्रत्यक्षात 18 मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे काढून टाकलेल्या पट्टीतही जवळपास निम्मे उरते. झिरपण्याचा वेग शेवटपर्यंत टिकण्यासाठी हा साठा लागतोच, पण त्यामुळे जुनी पट्टी अंगावर राहिली तर ती निकामी झालेली नसते. एका रविवारी भावाने दंडावर नवी पट्टी लावली आणि पाठीवरची जुनी तशीच राहिली. दुपारपासून बाबांना उलट्या सुरू झाल्या. दोन्ही पट्ट्या काढून डॉक्टरांना फोन करावा लागला. तेव्हापासून भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकटीत ‘पाठ, डावी’ किंवा ‘दंड, उजवा’ अशी नोंद करतो, कारण त्याच जागी पुन्हा लावण्याआधी 14 दिवस जाऊ द्यावे लागतात. अशा नोंदीसाठी खोक्यावर साधा तक्ताही छापलेला नाही आणि आतले माहितीपत्रक बारीक इंग्रजीत आहे, ही माझी मुख्य तक्रार.

दंडावरची पट्टी बाबा चाळा म्हणून खरवडतात, त्यामुळे शक्यतो पाठीवर, हात पोहोचणार नाही अशा जागी लावतो. अंघोळीनंतर खोबरेल लावण्याची त्यांची जुनी सवय तेवढ्या जागेपुरती सोडवावी लागली, कारण तेलकट त्वचेवर पट्टी टिकत नाही. मे महिन्यात घामानेही तिच्या कडा सुटत होत्या. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत दुमडून, नातवाच्या हाती लागणार नाही अशी टाकतो.

किंमत कॅप्सूलपेक्षा बरीच जास्त आहे. तरीही पुढच्या महिन्याच्या 30 पट्ट्या आणून ठेवल्या आहेत.