खिशातला ईसी मीटर: बागेला पुरतो, खाडीला नाही

नाशकात मिळणारा पेनाएवढा ईसी मीटर द्राक्षबागायतदारांसाठी पैसे वसूल आहे. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता; क्षार जास्त तितकी ती जास्त. पाण्याची ईसी मीटरला 1 डेसीसिमेन्सच्या (म्हणजे सेंटिमीटरला 1000 मायक्रोसिमेन्स) आत असली तर द्राक्षाला सहसा त्रास नाही. पुढे लक्ष ठेवावं लागतं, आणि तेवढं हा नीट सांगतो. आधी 1413 मायक्रोसिमेन्सच्या द्रावणात कॅलिब्रेट करा. द्रावण वाटीत ओतून घ्या, वापरलेलं परत ओतलंत की अख्खी बाटली बाद. इलेक्ट्रोडवर पांढरा क्षार चढला की आकडा कमी दिसतो. पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून डिस्टिल्ड पाण्यानं धुवा. पीपीएमच्या (दहा लाख भागांत क्षार किती) आकड्याकडे बघूच नका: तो काढायला कुठला मीटर ईसीला 0.5 नं गुणतो, कुठला 0.7 नं.

कोकणातल्या पाहुण्यांसाठी घेताय? समुद्राचं पाणी 50,000 मायक्रोसिमेन्सच्या आसपास, आणि अशा स्वस्त मीटरची धाव बहुधा 9,990 पर्यंतच. विहिरीत खारं पाणी शिरतंय का, हे गावानं मिळून तपासायला चालेल. पण सगळ्यांचे मीटर एकाच द्रावणावर लावलेले हवेत, मोजणी भरतीच्या त्याच टप्प्यावर हवी आणि नमुना तळातून. खारं पाणी जड, खाली बसतं. वरच्या बादलीनं फसगत होते. शिवाय क्षार समुद्राचा की खडकाचा, हे ईसी सांगत नाही. क्लोराइड प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या.