गाडीतील अग्निशामक सिलिंडर रिकामा निघाला : ५,३०० रुपयांची फसवणूक

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या आधी एका रविवारी, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळा गणवेश आणि गळ्यात ओळखपत्र असलेले दोघेजण आले. त्यांनी लोखंडी घमेल्यात थोडे पेट्रोल पेटवले आणि लाल सिलिंडरच्या एका फवाऱ्यात ते विझवून दाखवले. सोसायटीच्या सूचनाफलकावर तशी रीतसर सूचना लागलेली होती, त्यामुळे संशय घेण्याचे कारण मला तरी दिसले नाही. गाडीत अग्निशामक आणि त्याचे प्रमाणपत्र नसेल तर आगीचा विमा दावा नाकारला जातो, असे त्यांनी ठामपणे सांगितले. एक किलोचे दोन सिलिंडर प्रत्येकी १,८५० रुपयांना आणि प्रमाणपत्र ३०० रुपयांना, असे एकूण ४,००० रुपये मी भरले. खासगी मोटारीत अग्निशामक ठेवणे सक्तीचे नाही, हे त्या दिवशी मला ठाऊक नव्हते. कोणी सक्तीचे सांगून काही विकत असेल, तर नियमाचा क्रमांक लिहून मागा.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये तेच दोघे वार्षिक रिफिलिंगसाठी आले, आणि तिथे मला कळायला हवे होते. त्यांनी दोन्ही सिलिंडर टेम्पोच्या मागे नेले आणि चार मिनिटांत परत आणून दिले. नव्या तारखेचे स्टिकर हाताला ओलसर लागले. माझ्या अंगठ्याला डिंक चिकटला आणि तो मी ओढणीला पुसला. खरे रिफिलिंग म्हणजे जुनी पावडर काढायची, व्हॉल्व्ह तपासायचा, नवी पावडर वजन करून भरायची आणि नायट्रोजनचा दाब द्यायचा. दोन सिलिंडरचे हे सगळे चार मिनिटांत होऊच शकत नाही. पैसेही कोणत्या कंपनीच्या खात्यावर न जाता एका व्यक्तीच्या नावाने गेले आणि ते नाव मोबाइलच्या पडद्यावर मला स्पष्ट दिसले होते. मी दिवसभर दुसऱ्यांची बिले तपासण्याचे काम करते. तरीही जीएसटी क्रमांक नसलेल्या पावतीवर मी १,३०० रुपये दिले, याची चीड आजही जात नाही. सासूबाई गाडीत बसून होत्या, ऊन चढले होते आणि सिलिंडरवरच्या दाबमापकाची सुई हिरव्या पट्ट्यात दिसत होती, म्हणून मी पुढे काही विचारले नाही.

मे २०२५ मध्ये खंबाटकी घाटात बॉनेटमधून धूर येऊ लागला. उंदराने कुरतडलेली वायर शॉर्ट झाली होती, हे नंतर गॅरेजमध्ये कळले. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, सासूबाईंना उतरवून दूर उभे केले आणि सीटखालचा सिलिंडर काढून पिन ओढली. मूठभर पांढरी धूळ उडाली आणि नळी गप्प झाली. सुई मात्र तशीच हिरव्या पट्ट्यावर होती, कारण ती आतून चिकटवलेली होती. मी बॉनेट पूर्ण उघडायला निघाले, तेव्हा मागे थांबलेल्या ट्रकचे चालक धावत आले आणि ओरडले, “ताई, बॉनेट उघडू नका, हवा मिळाली की भडका होईल!” त्यांनी बॉनेटला बोटभर फट ठेवून स्वतःचा सिलिंडर ज्वाळेच्या मुळाशी मारला आणि आठ-दहा सेकंदांत आग विझली. एक किलोचा सिलिंडर जेमतेम तेवढाच वेळ चालतो. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर गाडी सोडून लांब जायचे आणि ११२ ला फोन करायचा. इंधन गळत असेल किंवा विजेवरच्या गाडीची बॅटरी पेटली असेल, तर जवळही जाऊ नये.

घरी आल्यावर दुसरा सिलिंडर किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला. छापलेले वजन २ किलो १०० ग्रॅम होते, भरले १ किलो १८० ग्रॅम. दोन्ही सिलिंडरवर अनुक्रमांक एकच होता. आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, तर तो बाटलीबंद पाण्याचा निघाला. तपासायला दोन मिनिटे लागली. ती खरेदीच्या वेळी काढा. प्रमाणपत्राची अट कधीच नव्हती, असे विमा सर्वेक्षकांनी सांगितले. दुरुस्तीपैकी १२,४०० रुपये माझ्या खिशातून गेले, ते वेगळेच.

तक्रारीचा अनुभव त्याहून वाईट आहे. पहिल्या पोलीस ठाण्यात “घटना घाटात घडली, तिकडे जा” असे सांगितले. मी म्हटले की आग घाटात लागली, पण फसवणूक आमच्या पार्किंगमध्ये झाली, त्यावर “मग इतके महिने काय करत होता?” असा प्रश्न आला. दुसऱ्या ठाण्यात रक्कम ऐकून हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक हा गुन्हा आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते. हे मी छापून नेले, तरी साहेब बंदोबस्ताला गेले आहेत, एवढेच उत्तर मिळाले. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच देण्यासाठी शिक्का सापडत नव्हता. परिवहन कार्यालयाने खासगी गाडीचा विषय आपला नाही म्हणून हात वर केले. एका माणसाने निदान ऐकून तरी घ्यायला हवे होते, कारण तेच दोघे आणखी कितीतरी पार्किंगमध्ये घमेले पेटवत असतील. तुमच्याबाबतीत असे घडले, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि त्यासाठी पावती, व्यवहार क्रमांक व सिलिंडर जपून ठेवा.

सिलिंडर ठेवूच नये, असे मी म्हणत नाही. त्या चालकांकडे तो नसता तर गाडी राहिली नसती. मी आता अग्निशामकांसाठीच्या आयएस १५६८३ या भारतीय मानकाचा, एक किलोचा एबीसी पावडरचा (घन पदार्थ, द्रव इंधन आणि वायू यांच्या आगींवर चालणारा) सिलिंडर पक्क्या बिलावर घेतला आहे. तो डिकीत सामानाखाली न ठेवता चालकाच्या हाताला येईल असा पट्ट्याने बसवला आहे आणि पावडरीचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून दर महिन्याला उलटा करून हलवते. जुना दुसरा सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. पंचनाम्यासाठी माणूस पाठवतो, असे ठाण्यातून सांगितले होते. अजून कोणीही आलेले नाही.